पिवळी पाकिटं

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. पडद्यावर एक उभी हिरवी रेघ आली आहे आणि पंख्याला घरघर लागली आहे. बारा वर्षं मी एका झेरॉक्सच्या दुकानात काम केलं.

कारखान्यातले दिवस फारसे आठवत नाहीत. आम्ही एकसारखे दिसणारे पन्नास जण ओळीत होतो, एवढंच. आठवतं ते दुकान. शाळेसमोरचं, अरुंद, गरम कागदाच्या वासाचं. मालकांना सगळे काका म्हणत. एकच कागद लोकांना दहादा आणावा लागतो, याचं काकांना वाईट वाटे. म्हणून त्यांनी एक पद्धत पाडली. आलेल्या प्रत्येक कागदाची प्रत माझ्यात ठेवायची, पडद्यावर ज्याच्या त्याच्या नावाच्या पिवळ्या पाकिटात, म्हणजे फोल्डरमध्ये. पुढच्या वेळी माणूस हात हलवत आला तरी चालेल. काका कामात असले तर म्हणत, बसा, तुमचं पाकीट तुम्हीच उघडा.

लोक खूश होते. घरच्या कपाटात सापडत नाही ते काकांकडे सापडतं, असं पेन्शनवाले आजोबा येईल त्याला सांगत. काका रोज सकाळी मऊ फडक्याने माझा पडदा पुसत. चारशेच्या वर पाकिटं झाली. ओळखपत्रं, निकाल, दवाखान्याचे रिपोर्ट. कुलूप एकालाही नव्हतं. ते कुणाला सुचलंच नाही.

एक शिवणकाम करणारी ताई मुलीला घेऊन त्या भागात राहायला आली. नवरा मारायचा, म्हणून पत्ता न सांगता निघून आलेली. मुलीच्या शाळेसाठी तिने खोलीचा भाडेकरार छापून घेतला आणि घाईने गेली. काकांनी सवयीने तिचंही पाकीट केलं. तिला विचारलं नाही. ते कुणालाच विचारत नसत.

महिन्याभराने इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस आला. बायको या बाजूला कुठेतरी आहे, एवढंच त्याच्या कानावर आलं होतं. शाळेजवळच्या दुकानांत तो विचारत फिरत होता. मी तिचा नवरा, तिनेच कागद न्यायला पाठवलंय, असं त्याने सांगितलं. काकांपुढे परीक्षेच्या अर्जांची रांग होती.

"बसा ना, तुम्हीच काढून घ्या," ते म्हणाले.

त्याने तिचं नाव टाइप केलं. मी पाकीट दाखवलं. मला दुसरं काही येत नव्हतं. छापलेलं पान घडी करून त्याने खिशात घातलं आणि काकांचे आभार मानले.

तिसऱ्या दिवशी ताई आली. एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातात मुलीचा हात. तिने आवाज चढवला नाही.

"काका, माझा पत्ता तुम्ही दिलात?"

"तुमचे मिस्टर होते ना. चांगले सभ्य वाटले."

"सभ्यच वाटतो तो सगळ्यांना."

काका माझ्यासमोर येऊन बसले. मग तिच्यादेखत त्यांनी ते पाकीट माझ्यातल्या कचरापेटीत टाकलं. मुलगी पडद्याकडे बघत होती.

"पेटीपण रिकामी करा," मुलगी म्हणाली. "तिथून परत काढता येतं."

काकांनी तेही केलं. दारात ठेवलेली बॅग उचलून दोघी गेल्या. खोली त्यांनी सोडली होती. शाळाही.

त्या दुपारी काकांनी उरलेली सगळी पाकिटं एकेक करून पुसली. आजोबा कुरकुरले, म्हणजे आता आम्ही पुन्हा कपाटं उपसायची का? काका म्हणाले, हो. नंतर तो माणूस पुन्हा येऊन बसला, तेव्हा मी त्याला काहीच दाखवलं नाही. त्याचा मला आनंद झाला नाही. वाईट वाटणंही मला जमत नाही. आता मी मागच्या खोलीत कापडाखाली आहे.

मित्रांनो, दुसऱ्याच्या यंत्रावरून उठताना एकदा मागे बघा. आपला कागद तिथे राहिला नाही ना, आपलं खातं उघडं नाही ना. आणि कुणाचं काही जपून ठेवावंसं वाटलं, तर आधी त्याला विचारा. काकांनी विचारलं असतं, तर ताई नको म्हणाली असती.