बिनगिलाव्याची कमान

पूर्णा गावाजवळच्या ईश्वरअप्पांनी चाळीस वर्षं भट्टीवर विटा भाजल्या, पण एकदा गेलेली वीट त्यांना पुन्हा कधी दिसली नाही. गिऱ्हाईक घर बांधायचं, गिलावा करायचं, वर पोपटी रंग द्यायचं.

मग जर्मनीत शिकणाऱ्या त्यांच्या लेकीनं, महेश्वरीनं, व्हिडिओ कॉलवर तिकडचं सातशे वर्षांचं चर्च दाखवलं. पायापासून शेंड्यापर्यंत नुसती लाल वीट. अप्पा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "गिलावा कधी करणारेत?"

"करणारच न्हाईत, अप्पा. त्या मुलखात दगड मिळंना, म्हणून सगळं विटेचं. कमान टोकदार, भार दोन्ही अंगांनी खाली उतरतो. सळई एक न्हाई."

तिनं फोन एका विटेजवळ नेला. विटेवर कुत्र्याचा पंजा होता. वाळत घातलेल्या विटांवरून सातशे वर्षांपूर्वी एक कुत्रं निवांत चालत गेलं होतं. अप्पांचा चहा निवला. असल्या विटा त्यांनी जन्मभर डागी म्हणून फेकल्या होत्या.

गावच्या मठाची कमान तेव्हा बांधायचीच होती. अप्पांनी लगेच हट्ट धरला: टोकदार, बिनसळईची, बिनगिलाव्याची. मठाचे कारभारी आबासाहेब गुलाबी रंगाचे डबे आणून बसले होते. शेवटी ठरलं, खालचा लाकडी आधार, म्हणजे सेंट्रिंग, काढल्यावर कमान टिकली तर वीट उघडी राहील. ढासळली तर सळई, गिलावा आणि गुलाबी.

कमान बांधून झाली, आणि एका सोमवारी सकाळी अर्धं गाव जमलं, बेतानं लांब. मुंजाजी मिस्त्रींनी हातोडी उचलली, तसे अप्पा सरळ कमानीखाली जाऊन उभे राहिले.

त्यांच्या पत्नी मल्लम्मा लांबूनच म्हणाल्या, "तिथंच उभं राहायचं तर नवं धोतर तरी बदलून या."

अप्पा हलले नाहीत. मुंजाजींनी पाचरी ठोकून काढल्या. लाकूड खाली आलं. वर कुठंतरी बारीक टक् झालं, अप्पांच्या टोपीवर चिमूटभर चुना पडला. सगळं गाव वर बघत उभं होतं.

कमान तशीच राहिली. अप्पांनी टोपी झटकली, पुन्हा घातली, आणि ती उलटी घातल्याचं त्यांना संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

आबासाहेब सावकाश जवळ आले, छातीच्या उंचीवर बोट ठेवून म्हणाले, "अप्पा, ही वीट तर डागी हाय. कुत्र्याचा पाय उठलाय."

"मुद्दाम हुडकून लावलीया," अप्पा म्हणाले. "लेकीला दाखवायचीय."

आबासाहेबांचं घर आता गुलाबी आहे.