पंख्यापुढचे तीन अंश

मित्रांनो, माझं वय चौदा वर्षं, आणि ती सगळी गारठ्यात गेली. मी थर्मामीटर आहे. ताप आला की काखेत ठेवतात तो नव्हे. तो माझा लाडावलेला भाऊ. मी स्वयंपाकघरातल्या मोठ्या फ्रीजमध्ये राहतो. गोल तबकडी, वर काच आणि आत एक काळा काटा, एवढाच माझा संसार. दोष म्हणाल तर एकच, मी मंद आहे. जागा बदलली की खरा आकडा दाखवायला मला दहा मिनिटं लागतात.

हे स्वयंपाकघर बहीण-भावाचं आहे. थोरल्या बहिणीला सगळे अक्का म्हणतात, शिजवणं तिच्याकडे. धाकटा भाऊ बाहेरचे व्यवहार बघतो. रोज दुपारी इथून साठ डबे वृद्धाश्रमात जातात. अक्का सकाळी आल्या आल्या फ्रीज उघडायची, डोळे बारीक करून मला वाचायची आणि भिंतीवरच्या तक्त्यावर आकडा लिहायची. काटा पाचाच्या वर गेला की दूध, अंडी, शिजवलेलं चिकन यांचा भरवसा नाही, हे तिला पाठ होतं. आरोग्य खात्याच्या मॅडम तपासणीला आल्या की माझ्याकडे बघून मान डोलवायच्या. तेव्हा माझ्या अंगावर अगदी मूठभर मांस चढायचं.

मग एका बुधवारी फ्रीजच्या दाराचं रबर फाटलं. दार लागायचं, पण फटीतून गारवा निसटायचा. दारालगतच्या कप्प्यात मी नऊ अंश दाखवले. भावाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू रबर मीच कुरतडलं होतं.

"शनिवारी नवीन रबर येतंय. तोवर भागवू," तो म्हणाला.

"अरे, म्हातारी माणसं आहेत ती. एखाद्याचं पोट बिघडलं तर उठायचा नाही," अक्का म्हणाली.

"उगाच पराचा कावळा करू नकोस. हे काम हातचं गेलं तर दोघंही घरी बसू."

त्याने मला तिथून काढलं आणि मागे, गार हवा सोडणाऱ्या पंख्यापुढे, तारेने अडकवलं. तिथे तीन अंश होते. मी खोटं बोलत नव्हतो, मित्रांनो, तिथे खरोखरच तीन होते. पण जेवण ठेवलं होतं पुढच्या कप्प्यांत, आणि तिथली हालहवाल मला कुणी विचारत नव्हतं. आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता, न कळवता, मॅडम दारात उभ्या राहिल्या. पुढच्या कप्प्यात आदल्या संध्याकाळी शिजवलेलं चिकन परातीत पसरलं होतं. त्याची सँडविच व्हायची होती. पुन्हा गरम होणार नव्हतं. मॅडमनी फ्रीज उघडला, वाकून मला शोधलं आणि वहीत लिहिलं, तीन. त्यांच्या पिशवीत स्वतःचा सुईवाला थर्मामीटर असतो. पण इतक्या वर्षांची आमची नोंद स्वच्छ, म्हणून त्यांनी तो काढलाच नाही. भावाने सुटकेचा श्वास सोडला. मी मात्र मनातल्या मनात ओरडत होतो, पण काटा काही ओरडून हलत नाही.

तेवढ्यात अक्काने हात आत घातला. "काच धुरकटलीय, पुसते," म्हणत तिने मला तारेतून सोडवलं, पदराने पुसलं आणि दारालगतच्या कप्प्यात, चिकनच्या परातीशेजारी ठेवून दार लावलं. भावाविरुद्ध तोंड उघडणं तिला जमलं नसतं. तिने ते काम माझ्यावर सोपवलं.

अंधारात मी चढू लागलो. साडेतीन. चार. बाहेर मॅडम हात धुण्याची जागा बघत होत्या, साबण आहे की नाही ते विचारत होत्या. सव्वाचार. त्या कचऱ्याच्या डब्याकडे गेल्या. पाच. अरे देवा, पाच म्हणजे अजून चालण्यासारखं! मग वही मिटल्याचा आवाज आला.

"ठीक आहे, निघते मी," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ती मागच्या खिडकीची जाळी बघितली का?" अक्काचा आवाज चिरकला होता. "आणि ते चाकू ठेवतो तिथे?"

"अक्का, त्यांना उशीर होतोय," भाऊ घाईघाईने म्हणाला.

सहा. साडेसहा. जन्मभर मी माझ्या मंदपणावर हसत आलो होतो. त्या दिवशी त्याचा मनापासून संताप आला.

पावलं दाराकडे वळली. आठ. आणि अक्का म्हणाली, "मॅडम, काच पुसलीय आता. फ्रीजमधला आकडा एकदा परत बघून घ्या."

मॅडमची पावलं परत फिरली. मग दार उघडलं, उजेड आत आला. मी नऊ दाखवत होतो.

मॅडमनी पिशवीतून आपला थर्मामीटर काढला आणि सुई चिकनमध्ये खुपसली. अकरा. वहीतला तीन त्यांनी खोडला, तेव्हा त्यांचा चेहराही उतरला होता. चिकन, दूध, अंडी, सगळं त्यांच्यासमोर टाकून दिलं गेलं. रबर बदलेपर्यंत स्वयंपाकघर बंद.

त्या गेल्यावर भाऊ म्हणाला, "सख्ख्या भावाला गोत्यात आणलंस?"

अक्काने रिकामी परात घासायला घेतली. "त्या म्हाताऱ्यांना वास कळत नाही रे, चव कळत नाही. आपण वाढू ते खातात ती माणसं."

वृद्धाश्रमाचं काम गेलं नाही. नवं रबर बसलं, आणि मला दारालगतच्या कप्प्यात भावाने स्वतः टांगलं. पण चार महिने झाले, तो अक्काशी धड बोललेला नाही. रोज सकाळी तो दारात उभा राहून, तिच्याकडे न बघता विचारतो, "किती?" अक्का मला वाचते आणि म्हणते, "चार." तेवढंच.

म्हणून हात जोडून सांगतो, मित्रांनो, मला तुमच्या सोयीच्या जागी टांगू नका. जिथे आकडा वाईट दिसण्याची भीती वाटते, तिथेच टांगा आणि रोज बघा. फ्रीज बिघडला तर दुरुस्त होतो. या दोघांच्या मधला गारठा किती आहे, ते मोजायला मात्र माझ्या तबकडीवर आकडे नाहीत.