सातशे ग्रॅमचं ओझं

मी फावडं बोलतोय. शेतातलं नव्हे, बर्फ उपसायचं. पातं ॲल्युमिनियमचं, दांडा दोन तुकड्यांचा, वजन सातशे ग्रॅम. वजन आधीच सांगून टाकतो, कारण लोक माझ्याबद्दल पहिलं तेच विचारतात आणि बहुतेक वेळा शेवटचंही.

कारखान्यातून निघालो तो थेट जिंडाबाइन या डोंगरपायथ्याच्या गावातल्या एका दुकानात आलो आणि खुंटीवर दोन हिवाळे लटकलो. डोंगरात जाणारे लोक माझ्यासमोर थांबायचे, "घ्यायला हवं खरं तर," असं म्हणायचे आणि नवा गॉगल घेऊन निघून जायचे.

तिसऱ्या हिवाळ्यात मला हेडली मार्चबँकने उचललं. हा गृहस्थ वजनमापं तपासणारा सरकारी निरीक्षक. निवृत्त झाला, पण तराजू काही सुटला नाही. डोंगरात जाताना तो दात घासायच्या ब्रशचा दांडा कापून टाकायचा आणि चहाच्या पुड्यांचे दोरेसुद्धा काढायचा. त्याची बायको थेल्मा हिने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. त्यामुळे गोंगाट, हट्ट आणि थापा या तिन्ही गोष्टी तिला पाठ होत्या.

ऑगस्टमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, हेडलीने स्की-क्लबात भाषण दिलं. मला हातात उंच धरून तो म्हणाला, "फावड्याशिवाय बर्फात मुक्काम करणारा माणूस मूर्ख!" टाळ्या पडल्या. मलाही जरा फुगल्यासारखं झालं. तीन दिवसांनी नवराबायको दोघंच डोंगरात निघाले, तेव्हा त्याने सामान मोजलं आणि मला पिशवीतून काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं.

"अरे, हे राहिलं," थेल्मा म्हणाली.

"राहिलं नाही, काढलं. सातशे ग्रॅम आहे ते. तेवढ्यात आपली तीन दिवसांची लापशी येते."

"परवा भाषणात काय सांगितलंस?"

"ते नवख्यांसाठी होतं गं. मी एकवीस वर्षं डोंगरात जातोय."

"म्हणून तर मला भीती वाटते."

तो मोजे शोधायला आत गेला. थेल्माने मला उचलून आपल्या जुन्या, जाडजूड तंबूच्या गुंडाळीत सारलं. तिचा तंबू वेगळा होता, कारण हेडली घोरायचा. त्याचा तंबू नवा, एकट्यापुरता आणि इतका हलका होता, की तो उभारताना हेडलीला दर वेळी अभिमान वाटायचा.

पहिल्या दिवशी लख्ख ऊन होतं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आभाळ खाली उतरलं, वारा सुटला आणि मुक्कामाच्या जागेवरून दोघांची जुंपली. कड्याच्या खाली एक खोलगट, शांत जागा होती. हेडली तिथेच अडून बसला.

"इथे वारा लागतच नाही, बघ."

"वारा लागत नाही तिथेच तो हातातला सगळा बर्फ टाकून जातो. पलीकडे झाडांत चल."

"एकवीस वर्षं, थेल्मा!"

"बरं बाबा," ती म्हणाली आणि पन्नास पावलांवरच्या निलगिरीच्या झाडांत, त्यांच्या वाकड्या खोडांच्या आडोशाला, तिने आपला तंबू ठोकला. रात्रभर वारा घोंघावत होता.

सकाळी थेल्मा बाहेर आली. बर्फ अजून आडवा उडत होता. तिने हेडलीच्या तंबूकडे पाहिलं, तर तिथे तंबूच नव्हता. सारवलेल्या अंगणासारखा गुळगुळीत पांढरा उतार होता आणि त्यातून एका स्कीच्या काठीची मूठ तेवढी वर आलेली होती.

"हेडली!"

ती तंबूत धावली आणि मला घेऊन बाहेर आली.

तिने माझे दोन तुकडे जोडले. इतक्या वर्षांत माझा जोडाचा खटका पहिल्यांदाच कामासाठी वाजला. कंबरभर बर्फ तुडवत ती मुठीपाशी पोचली. वरून खणलं असतं तर सगळा भार त्याच्याच छातीवर आला असता, म्हणून ती उताराच्या बाजूने आडवी शिरली. तिने हातमोजे काढून फेकले. मी उपसत होतो आणि ती बोलत होती. तोंड एक क्षण बंद नव्हतं.

"मेल्या, जन्मभर घोरलास, आज का गप्प? घोर की! आता घोर, मी एक शब्द बोलणार नाही!"

तिचा आवाज चिरकत होता. माझ्या दांड्यावर तिच्या तळहाताचं रक्त लागलं होतं, पण तिला ते दिसत नव्हतं. वीसेक मिनिटांनी माझं पातं कापडाला घासलं. तिने मला बाजूला टाकलं, खिशातला चाकू काढला आणि तो अभिमानास्पद तंबू टरकन फाडला.

आत हेडली अंग मुडपून पडला होता. चेहरा राखेसारखा, ओठ निळे. तिने त्याच्या गालावर दोन थपडा दिल्या. त्याने एक लांब श्वास ओढला, खोकला, डोळे उघडले. पहिली नजर बायकोवर नाही, माझ्यावर पडली.

"हे... कुठून आलं?"

"आभाळातून पडलं," थेल्मा म्हणाली आणि मटकन खाली बसून रडायला लागली.

दुपारी वारा पडल्यावर ती त्याला घेऊन खालच्या लाकडी झोपडीपर्यंत पोचली. तिने चहाचा पेला त्याच्या हातात दिला.

"बर्फाखाली मी तुला हाक मारत नव्हतो, थेल्मा," तो खालमानेने म्हणाला. "आईला मारत होतो."

"ती नसती आली. तिला कुठे स्की येत होतं?"

तो हसला, आणि हसता हसता त्याचा पेला सांडला.

माणूस मरणाच्या दारातून आला की बदलतो, असं म्हणतात. हेडली पंधरा दिवस बदललेला होता. सोळाव्या दिवशी क्लबात सभा होती. "माझा नेहमीच आग्रह असतो," तो सभेत म्हणाला, "काहीही राहू दे, पण फावडं राहता कामा नये." थेल्मा मागच्या रांगेत नारळाचा केक खात बसली होती. तिने दुसरा तुकडा घेतला आणि नवऱ्याकडे शांतपणे पाहिलं. त्याने पुढची दहा मिनिटं तिच्याकडे बघायचं टाळलं.

घरी जाताना ती एवढंच म्हणाली, "छान बोललास."

क्लबाने माझा गौरव करायचं ठरवलं. माझ्या पात्याला दोन भोकं पाडून मला भिंतीवर स्क्रूने बसवलं आणि खाली पितळी पाटी लावली: 'हेडली मार्चबँक यांच्या दूरदृष्टीचे साक्षीदार.' लोक माझ्याखाली उभे राहून फोटो काढायचे. तिथून मला हेडलीची चार भाषणं ऐकू आली. दर भाषणात बर्फ हातभर वाढायचा. डोंगरात मात्र तो पुन्हा एकदाही गेला नाही. थेल्माने हे कोणालाच सांगितलं नाही. घरात तो खिडकी उघडी ठेवल्याशिवाय झोपत नाही, हेही तिने सांगितलं नाही. एकदा मला पुसताना ती ते स्वतःशी पुटपुटली, म्हणून मला ठाऊक.

पुढच्या जुलैत एका गुरुवारी ती पेचकस घेऊन आली आणि माझे स्क्रू काढायला लागली. क्लबाचे चिटणीस क्विल्टी धावत आले.

"अहो बाई, ते क्लबचं आहे!"

"पाटी क्लबची. ती ठेवा."

आज मी पुन्हा बर्फात आहे. थेल्मासोबत तिची बसडेपोतली मैत्रीण डल्सी आली आहे. हेडलीने दोघींना गाडीने रस्त्याच्या टोकापर्यंत सोडलं आणि गाडी वळवायच्या आधी तीनदा विचारलं, "तंबू झाडांतच लावणार ना?" सकाळपासून मी चुलीसाठी ओटा कापलाय, दोन्ही तंबूंभोवतीचा बर्फ उपसलाय आणि चहाच्या पाण्यासाठी भांडं भरून दिलंय. तुमच्या घरात कोणी उपयोगी पडलं असेल, तर कृपा करून त्याला भिंतीवर चढवू नका. काम सांगा.

आत्ता डल्सी मला हातात धरून उलटंपालटं करते आहे. भोकांतून बर्फ गळतोय.

"ही भोकं कसली गं? बर्फ खणताना पडली?"

"छे," थेल्मा चहा ओतत म्हणाली. "सत्कार झाला होता त्याचा."