छपरावरचं टेबल

गोजराबायच्या छपरावर बारा महिने जुनं जाळं असायचं. झावळ्यांवर जाळं आणि जाळ्याच्या कडांना सुंभाने बांधलेले चाळीस दगड. आमच्या दांडी गावातली बाकीची घरं पावसाळा सरला की जाळी उतरवत, हिचं मात्र कायम. एका कार्तिकात हिचं छप्पर उडालं होतं आणि शेजारच्या उच्छेळी गावातल्या माडावर सापडलं होतं, तेव्हापासून. आम्ही हसायचो. ती म्हणायची, "हसा. तुमचं उडालं की मी पन हसंन."

कोयनेला भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, आमच्याकडे जीप आली. जीपमधून भगवंतराव उतरले. हे साहेब घाटावरून, कोयनेकडून बदलून पालघरला आलेले. हातात पत्रकांचा गठ्ठा: 'घरोघरी सज्जता', कलमं दहा. मी पुड्यांचे कागद वाचून वाचून अक्षरं शिकलेली, म्हणून महिला मंडळाची चिटणीस, आणि चिटणीस म्हणून पत्रक वाचायचं माझ्याच गळ्यात.

"कलम तीन," मी वाचलं. "हादरा बसताच टेबलाखाली शिरावे."

"कोनाच्या?" काशीबाईने विचारलं.

प्रश्न बरोबर होता. अख्ख्या दांडीत टेबल एकच, शाळेतलं, आणि त्यावर मास्तरांचे पाय असत.

"साहेब, हितं जमीन नाय हालत," गोजराबाय म्हणाली. "हितं वारा येतो."

"आमच्याकडेही हलत नव्हती," भगवंतराव म्हणाले. मग छपराच्या कडेला लोंबणारे दगड पाहून ते दोन पावलं मागे सरले. "हे आधी उतरवा. मी पाहिलंय, बाई. माणसं भूकंपानं मेली नाहीत, डोक्यात दगड पडून मेली."

हे ते इतक्या हळू बोलले की कोणाला हसता येईना.

पुढे ठरलं की गावात एक 'आदर्श सज्ज घर' करायचं आणि मुंबईचे मोठे पाहुणे ते बघायला येणार. घर गोजराबायचं निवडलं, कारण तिची नलू बाळंतपणाला आलेली होती. झोळीत नऊ दिवसांचं पोर असलं की फोटो चांगला येतो म्हणे. गोजराबाय काही केल्या ऐकेना. तिला पटवलं मी. "सरकारी मानूस शिकलेला हाय, गोजराबाय. दोन दिवसांचा तर प्रश्न." हे वाक्य माझं, दुसऱ्या कोणाचं नाही.

जाळं उतरलं. दगडांना चुना फासला. निम्मे वाटेच्या दोन्ही बाजूंना पाहुण्यांच्या स्वागताला मांडले, निम्मे झेंड्याच्या चौथऱ्यात सिमेंटमध्ये बसवले. शाळेचं सागवानी टेबल चौघांनी उचलून गोजराबायच्या घरात आणलं. त्यापायी चूल बाहेर गेली. टेबलावर शिट्टी, बॅटरी आणि चण्यांचा डबा. चणे काशीबाईने पहिल्याच दिवशी मोजून खाल्ले आणि डबा परत तसाच ठेवला.

पाहुणे यायच्या सकाळी आभाळ तांबूस झालं. समुद्र ताकासारखा ढवळला. गडी त्या दिवशी मासेमारीला गेले नव्हते, त्यांना ओळीत उभं राहून टाळ्या वाजवायच्या होत्या. पाहुण्यांनी गावाचं काही भलं केलं असेल तर एवढंच. दहा वाजता वारा दक्षिणेकडून फिरला आणि पाहुण्यांसाठी उभारलेली कमान पहिल्याच झटक्याला खाडीत गेली.

"बाळंतिणीला शाळेत न्या! कलम सात!" भगवंतराव ओरडले.

शाळेला कुलूप होतं. मास्तर हार आणायला बोईसरला गेलेले. आणि उघडी असती तरी त्या वाऱ्यात नलूला आणि पोराला बाहेर कोण काढणार होतं? समोरचा माड वाकून जमिनीला लागत होता.

छपराची एक कड उचलली गेली आणि धापकन खाली बसली. नलूने पोराला छातीशी धरलं. साहेबांचं मात्र ठरलेलं होतं. ते टेबलाखाली शिरले.

"नवशा, जाळं!" गोजराबायने लेकाला हाक मारली. मग माझ्याकडे वळली. "आनि तू, चिटनीस, दगड आन."

मी धावले. काशीबाई धावली. वाटेवरचे पांढरे दगड ओटीत घेऊन आम्ही आणत होतो, चुन्याने लुगडी बरबटली. नवशा आणि दोघे गडी छपरावर पालथे पडून जाळं ओढत होते. वीस दगड झाले आणि वाट संपली. बाकीचे चौथऱ्यात, पहारीलाही दाद देईनात. दक्षिणेची कड उघडीच होती, आणि ज्या बाजूने वारा आत शिरत होता त्याच बाजूला नलूची बाज.

गोजराबायने घरात नजर फिरवली. मग ती खाली वाकली.

"साहेब, बाहेर या."

"बाई, कलम तीन..."

"टेबल पायजे. तुमी नकोत."

साहेब बाहेर आले, आणि खरं सांगायचं तर टेबलाचा एक पाय त्यांनीच धरला. टेबल छपरावर गेलं, दक्षिणेच्या कडेवर पालथं घातलं, चारी पायांना जाळं गुंडाळून गाठी मारल्या. दोर कमी पडला तेव्हा भगवंतरावांनी कमरेचा पट्टा काढून दिला आणि पुढचे दोन तास एका हाताने विजार आणि दुसऱ्या हाताने जाळ्याची दोरी धरून उभे राहिले. छप्पर उसासे टाकत होतं, उठत होतं, बसत होतं. उडालं नाही.

तिसऱ्या प्रहरी वारा पडला. पोर झोपलं होतं. माझं छप्पर मात्र गेलं होतं. गोजराबाय माझ्या दारात येऊन उभी राहिली, वर बघितलं, माझ्याकडे बघितलं. हसली नाही. "रातच्याला माझ्याकडं ये झोपायला," एवढंच म्हणाली. हसली असती तर बरं वाटलं असतं.

पाहुणे अर्थातच आले नाहीत. साहेब अहवाल लिहायला बसले.

"टेबलाचा उपयोग झाला, असं लिहू ना?" त्यांनी मला विचारलं.

"लिहा की. खोटं कुठं हाय?"

मास्तर टेबल मागायला तीनदा आले. गोजराबाय म्हणाली, बारसं होऊ दे. त्यामुळे गावातल्या पोरांनी पहिल्यांदाच मास्तरांना उभं राहून शिकवताना पाहिलं.

बारशाला भगवंतराव आले, जीपमधून नाही, सायकलवरून. झबलं आणलं होतं. छपरावर टेबलाचे चार पाय आभाळाकडे, आणि कडेला पांढरे दगड पुन्हा लोंबत होते. साहेब अंगणात थबकले. हात नकळत डोक्यावर गेला.

"या, साहेब," गोजराबाय म्हणाली. "नीट वर बघून या."

त्यांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. दारावरचे दोन दगड तिने सोडवून कोपऱ्याला बांधले होते. दारापुरती कड मोकळी.