उसनी झोप

या व्यवहारात ड्रायव्हरला रोजचे अडीच तास सुटणार होते. पैसा नाही, बढती नाही, झोप. डेपोने नियम काढला होता: रात्री मनगटाला कंपनीचा झोप मोजणारा पट्टा बांधून झोपायचं. ज्याची महिनाभर रोज सात तास झोप भरेल, त्याला पहाटे साडेपाचच्या बसऐवजी आठची बस. म्हणजे ज्याच्याकडे झोप आहे, त्यालाच आणखी झोप. असे नियम पोटभर झोपणारी माणसंच करतात.

ड्रायव्हरची झोप भरायची चार तास, तीही तुकड्यातुकड्यांनी. कारण त्याची आई. जन्मभर तिने शाळेत घंटा दिली होती. आता तिला मुलाचं नावही आठवत नसे, पण घंटा आठवायची. रात्री उठून ती चपला घालायची आणि उशीर झाला म्हणून दार ठोठावत बसायची. मग ड्रायव्हर किंवा त्याची बायको, ज्याची पाळी असेल त्याने म्हणायचं, "आई, आज सुट्टी आहे." आई खूश होऊन निजायची. तासाभरात सुट्टी संपायची.

वरच्या खोलीत मेहुणा राहायचा, बायकोचा धाकटा भाऊ. धंदा शिंप्याचा. सातला दुकान बंद, आठला आडवा, आणि घोरणं असं की खालची भांडी थरथरावीत. एवढं झोपूनही दुपारी मशीनवर पेंगायचा. एकदा तर त्याने एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. घरात त्यावरून हसून हसून पुरेवाट झाली.

"झोप नुसती उतू चाललीय तुझी," बहीण त्याला म्हणाली. "तुझ्या भाऊजींना दे की थोडी उसनी!"

ती बोलली थट्टेत, ड्रायव्हरने घेतलं मनावर. त्या रात्रीपासून पट्टा मेहुण्याच्या मनगटावर चढला. पहाटे साडेचारला ड्रायव्हर वर जाऊन हळूच तो सोडवून आणायचा. मेहुणा कूससुद्धा बदलायचा नाही. तोवर साडेआठ तास भरलेले असायचे. पुढचे तो स्वतःच्या खात्यावर झोपायचा.

महिना भरला आणि मॅनेजरांनी बोलावलं.

"या, बसा."

त्या खोलीत ड्रायव्हरला आजवर कोणी बसा म्हटलं नव्हतं. तो तिथेच चरकला. शेजारी कंपनीच्या डॉक्टरीणबाई कागद घेऊन बसल्या होत्या.

"साडेआठ तास!" मॅनेजर म्हणाले. "अख्ख्या डेपोत पहिला नंबर."

"आपली कृपा, साहेब."

"दिवसा झापड येते?" बाईंनी विचारलं.

"छे हो, एकदम ताजातवाना."

"डोळे लाल आहेत."

"ते उन्हाने."

बाईंनी पट्ट्याच्या नोंदींचा कागद त्याच्यापुढे सरकवला. "झोपेत तुमचा श्वास थांबतो. तासाला तीसेक वेळा. घरी कोणाच्या लक्षात नाही आलं? बायको काय म्हणते?"

"ती म्हणते, घोरतो."

"हे नुसतं घोरणं नाही. असा माणूस चाकावर बसल्या बसल्या झोपतो. आणि चाकावर नसला, तरी एखाद्या रात्री..."

ड्रायव्हरने तोंड उघडलं. पट्टा माझ्या हातात नव्हता म्हणावं, तर फसवणूक म्हणून नोकरी जाणार. गप्प बसावं, तर बस जाणार. तो गप्प बसला. आणि मग त्याच्या डोक्यात शिरलं की हा थांबणारा श्वास कोणाचा तरी आहे.

"बरे होईपर्यंत टायरच्या स्टोअरला जा," मॅनेजर म्हणाले. "ड्युटी आठपासून. बघा, शेवटी आठची मिळालीच की तुम्हाला!" आणि स्वतःच हसले.

बायकोने ऐकलं आणि आधी गॅस बंद केला.

"तीस वेळा? रात्रीत?"

"तासाला."

ती छताकडे बघत राहिली.

मेहुण्याला सांगितलं तर तो उखडला. "मला काय धाड भरलीय? साडेआठ तास झोपतो मी! आजारी तुम्ही दिसता, भाऊजी."

मोठ्या तपासणीसाठी कंपनीने आठवड्याभरातली तारीख दिली होती, पण ड्रायव्हरच्या नावाने.

"यालाच पाठवा ना तुमच्या जागी," बायको म्हणाली.

"फोटो बघतात गं तिथे."

मेहुण्याच्या नावाने सरकारी दवाखान्यात नंबर लावला, तो पाच महिन्यांनंतरचा लागला. ड्रायव्हर स्वतःच्या तारखेला गेलाच नाही. श्वास ठीक निघाला असता, तर पट्टा कोणाच्या हातात होता, हा प्रश्न आला असता.

आता हिशेब असा. मेहुण्याचे साडेआठ तास शाबूत आहेत, फक्त सकाळी तो कुरकुरतो, "ताई, रात्रभर हलवत असतेस काय गं मला?" ड्रायव्हरला अडीच तास मिळाले, पण आईच्या दोन्ही पाळ्या त्याच्याकडे आल्या आणि ते तिकडेच गेले. चारचे चार राहिले, वर बस गेली. आई सुट्टीवर आहे. आणि बायको वर, भावाच्या पलंगाशी स्टुलावर बसते. घोरणं थांबलं की मनात आकडे मोजते, दहापर्यंत गेली की त्याच्या खांद्याला हलवते. तो धपापून श्वास घेतो, पुन्हा झोपतो. ती पुन्हा एकपासून. पूर्वी तिची झोप साडेचार तास व्हायची, आता दोन होते. तीही अंदाजाने, कारण तिच्या मनगटाला पट्टा नाही.