मंगळवारच्या अफवा

विद्यापीठातल्या आमच्या विभागात आनंदाची कारणं जरा विचित्र असतात. लोक खोटं बोलले की आम्हाला बरं वाटतं. नवीन खोटं बोलले, तर प्रोफ ओटू सगळ्यांना थंड, बिनदारूचं माल्ट पाजतात. फोनवरून अफवा कशा पसरतात याचा अभ्यास करायचा, तर अफवा हव्यात आणि त्या ताज्या हव्यात. म्हणून प्रोफनी एक नंबर जाहीर केला होता. किनाऱ्यावरच्या गावांमधून जो कुणी नवी अफवा सगळ्यांच्या आधी पाठवेल, त्याच्या फोनमध्ये आम्ही डेटा भरायचो. अटी दोनच. अफवा शिळी नको, आणि तिच्यात कुणाचं तरी नाव-गाव हवं, म्हणजे ती कुठून निघाली आणि कुठवर गेली हे आम्हाला नकाशावर मांडता यायचं.

सगळ्या गावांत अबोन्सा पहिलं. त्यातही मंगळवारी तिथे अफवांचा सुकाळ. मंगळवारी जुन्या रीतीप्रमाणे समुद्राला सुट्टी, होड्या वाळूवर, माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली. प्रोफनी त्यावर सिद्धांतच रचला की हात रिकामे असले की तोंड सुटतं. तो निबंध त्यांनी परदेशातल्या परिषदेत वाचला. टाळ्या पडल्या म्हणे.

मग एका मंगळवारी तो निरोप आला. एका बाईचा घाबरलेला आवाज होता. अबोन्साची आंटी अराबा शवपेट्यांच्या लाकडावर माशांना धुरी देते, कबरी उकरून फळ्या आणते, आणि ते मासे खाणाऱ्या बाईची कूस कधीच उजवत नाही, असं ती सांगत होती.

निरोप काय सुटला! आठवडा संपायच्या आत पडद्यावरचे लाल ठिपके किनारा सोडून आत शिरले.

"एकुआ, इकडे ये, हे बघ! थेट कुमासी शहर!" प्रोफ खुर्चीतून उठलेच. "अगं, लॉरीलासुद्धा एवढ्या लवकर जमत नाही!"

मी त्यांना टाळी दिली. विभागात त्या दिवशी सगळेच खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर बातमी आली. शहरातल्या मोठ्या बाजारात आंटी अराबाला बायकांनी घेरलं, तिची माशांची घमेली उलटवली, आणि कुणीतरी शेजारच्या कढईतलं उकळतं तेल तिच्या अंगावर फेकलं. दोन्ही हात भाजले होते. प्रोफनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे ही बाई खरीच आहे?"

मला त्यांची इतकी चीड आली की काय सांगू. मग आठवलं, हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता.

आम्ही थेट अबोन्साला गेलो. मासे घ्यायला एकही गाडी आली नव्हती. अराबाच्या भट्ट्या थंड पडल्या होत्या. चर्चच्या गायकमंडळाची प्रमुख सिस्टर एफुआ छपराखाली बसली होती. आम्हाला सगळ्यात जास्त अफवा पाठवणारी तीच. तिचे डोळे सुजले होते.

"हे सुरू कुणी केलं?" प्रोफनी विचारलं.

"कुणी म्हणजे? आम्हीच की," ती म्हणाली. "दर मंगळवारी आम्हीच तर करतो."

प्रोफच्या तोंडून कसेबसे दोन शब्द निघाले. "सगळ्या अफवा?"

"मग काय! जुनं तुम्हाला चालत नाही, दर खेपेला नवीन पाहिजे. एवढंसं आमचं गाव, गावात खोटं तरी असून असून किती असणार? मंगळवारी समुद्र बंद. जाळी सांधता सांधता रचायचं आणि तुम्हाला पाठवायचं. तुमच्याआधी बाहेरगावच्या दोघी-चौघी बहिणींना पाठवून बघायचो, गंमत म्हणून. आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. शिकलेली माणसं तुम्ही, असलं कशाला खरं मानाल?"

प्रोफचा तो सिद्धांत, ते ठिपके, त्या टाळ्या! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त त्याची शिक्षा दुसऱ्याच कुणाला झाली होती.

"पण अराबाचंच नाव का?" मी ओरडलेच. "कुणाचं एवढं वैर होतं तिच्याशी?"

"वैर?" सिस्टर एफुआला रडू फुटलं. "अगं, नाव तिनेच दिलं. तुम्हाला नाव-गाव हवं ना? आधी आम्ही मेलेल्यांची नावं घालायचो. ती संपली. जित्या माणसाचं नाव घ्यायचं म्हणजे पाप. तेव्हा अराबा म्हणाली, माझं घाला गं, मला अख्खा गाव ओळखतो, कोण विश्वास ठेवणार?"

"आणि निरोपातला तो आवाज?"

"तिचाच. हसू आवरेना तिला. पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करावं लागलं."

अख्खा गाव तिला ओळखत होता, खरं होतं. पण निरोप गावात थांबला नव्हता, आणि तो किती लांब गेला हे आमच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मला छपराखाली उभं राहवेना. मी बाहेर जाऊन गाडीचं दार उघडलं.

तिथून आम्ही इस्पितळात गेलो. आंटी अराबा उशीला टेकून बसली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिचा चेहरा खुलला.

"बरं झालं आलात! मी या नर्सला कधीची सांगतेय, विद्यापीठातली माणसं येतील म्हणून. बस पोरी, बस. आता ते परत बोलवा बघू."

"काय परत बोलवू, आंटी?"

"अगं, तो निरोप! कसा कसा जातो, कुठे कुठे जातो, सगळं तुम्ही शिकलात ना? मग परत कसा आणायचा, तेही शिकला असाल. लवकर आणा बाई. माशांचा हंगाम तोंडावर आलाय. हात बरे झाले की मला भट्ट्या पेटवायच्यात."

मी प्रोफकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणजे बोलणं माझ्यावरच आलं.

"नाही येत आम्हाला, आंटी," मी म्हणाले. "तो परत आणता येत नाही. कुणालाच येत नाही."

अराबा खो खो हसायला लागली. हसताना हात हलले, ती कळवळली, आणि तरी हसतच राहिली.

"चांगलं रचलंस गं," ती म्हणाली. "पण हे मात्र कुणी खरं मानणार नाही."