एकशे आठचा आकडा

“रोज आकडा विचारतेस. कधीतरी ‘बाबा, कसे आहात’ असंही विचार गं,” आई म्हणाली होती.

“साखर चढवून बसलेत, वर लाड करू का त्यांचे?” लेकीनं ते हसण्यावारी नेलं.

मित्रांनो, मी एक जुना ग्लुकोमीटर आहे, रक्तातली साखर मोजणारं यंत्र. कारखान्यात मला एकच धडा मिळाला: जो थेंब येईल त्याचा खरा आकडा सांगायचा. बाबांना मधुमेह निघाला तेव्हा लेकीनंच मला आणून त्यांच्या शिवणयंत्राशेजारी ठेवलं. बाबा शिंपी.

सुरुवातीला मी दोनशे साठ, दोनशे ऐंशी दाखवायचो. लेक फोनवर तापायची. “चोरून काय खाल्लंत? नातवंड मोठं झालेलं बघायचंय ना?” त्या दिवशी बाबांचं ताट तसंच राहायचं.

मग एका सकाळी आकडा आला एकशे दहा. दुसऱ्या दिवशी एकशे चार. “बघा, मनावर घेतलं की जमतं!” लेक खूश. माझे आकडे बघून डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. मीही फुशारलो. मला बोट दिसत नाही, मित्रांनो. फक्त थेंब कळतो.

दोन महिन्यांनी बाबा कापड बेतता बेतता कात्रीसकट खाली बसले. सारखं पाणी मागत होते, जीभ अडखळत होती. लेक धावत आली. तिनं स्वतः त्यांचं बोट टोचलं.

चारशे अठ्ठ्याऐंशी.

“बिघडलंय हे,” म्हणत तिनं नवी पट्टी घातली. चारशे नव्वद. मी हादरलो. सकाळीच तर एकशे आठ दाखवला होता.

आईनं हात पुढे केला. शिंप्याच्या घरात टोचलेल्या बोटांकडे कोण बघतं? काजं करताना सुई लागायचीच. पण तिच्या बोटांची टोकं चाळणीसारखी झाली होती.

“तू रागावलीस की ते जेवायचे नाहीत,” ती म्हणाली. “म्हणून माझं रक्त दिलं.”

लेकीनं बाबांना तडक दवाखान्यात नेलं.

बाबा वाचले. आठ दिवस दवाखान्यात काढून घरी आले. आता लेक आधी विचारते, “आज काय शिवलंत?” काल मी दोनशे दहा दाखवला. “बरं, डॉक्टरांना सांगू. जेवलात ना?” ती म्हणाली. बाबा जेवले होते.

मी एकदाही खोटं बोललो नव्हतो, तरी एक माणूस जाता जाता राहिला. हे आठवलं की मला अजून धडकी भरते. मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी रोज बोट टोचत असेल. आज त्यांच्याजवळ बसा, आकडा मागाहून विचारा. आणि शेजारी जे गप्प बसलं असेल, त्याचंही बोट एकदा हातात घेऊन बघा.